रेसिडेन्सीच्या फॉर्मात पळसाचा रंग मेला होता, तो असा परत आणला

नागपुरातूनच पेंचकडच्या एका रिट्रीटच्या आर्टिस्ट रेसिडेन्सीला (कलाकारानं काही दिवस तिथं राहून काम करायचं, असा कार्यक्रम) अप्लाय करून राहिली होती, पण पेंटिंगचे फोटो अपलोड केले की पळसाचा केशरी एकदम विटकरी दिसे, आणि माझ्या कामाचा जीवच तो रंग आहे ना. कारण सापडलं, प्रेसवाल्याकडून आलेल्या फाइल्स सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत होत्या, त्या शाईंत एवढा भडक केशरी बसतच नाही. त्याच फाइल आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगपद्धतीत करून उपयोग नाही, गेलेला रंग परत येत नाही. म्हणून कॅमेऱ्यातले मूळ फोटो काढले, एसआरजीबीमधे (वेबसाठीचा नेहमीचा आरजीबी) एक्स्पोर्ट केले, लांब बाजू १९२० पिक्सेल, जेपीईजी क्वालिटी ८०. साइजही उतरली, पटकन अपलोड झालं.

आणि हो, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरचे, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाचे गेट १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतात, तेव्हा पावसाळ्याचा स्लॉट मागत असाल तर प्लॅनमधे सफारीत स्केचिंग लिहू नका, मी आवारातली सागाची पानं, बुरशी, किडे असं लिहिलं, आणि मला खरंच वाटते की पावसाळी जंगल असंच जवळून बघावं. फुललेला पळसच पाहिजे असेल तर फेब्रुवारी-मार्च मागा.