संशोधकांसमोर बसण्याआधी: दुर्मिळ जनुकीय आजार असलेल्या मुलांच्या पालकांसाठी तयारीची यादी

औषधाची चाचणी किंवा अभ्यास आखताना संशोधक पालकांचं मत विचारतात; त्या बैठकीसाठी ही तयारी. आधी जनुकीय चाचणीचा मूळ रिपोर्ट शोधून काढा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं आजाराचं नाव असतं, उदाहरणार्थ 'रेट सिंड्रोम' (मुख्यतः मुलींमध्ये दिसणारा, शिकलेले शब्द आणि हातांचा वापर हिरावून घेणारा मेंदूचा जनुकीय आजार). संशोधकांना हवी असते ती 'सी.' आणि 'पी.'ने सुरू होणारी ओळ, म्हणजे जनुकात नेमका कुठे काय बदल झाला ते. ती हाताने उतरवू नका. एक अक्षर चुकलं तरी बदल वेगळाच होतो. शेजारी 'रोगकारक' लिहिलंय की 'अर्थ अनिश्चित' हेही बघा. अनिश्चित असेल आणि रिपोर्ट जुना असेल तर जनुकीय समुपदेशकांकडून फेरतपासणी करून घ्या, कारण नव्या माहितीनुसार वर्गवारी बदलते. आईवडिलांची तपासणी झाली असेल तर तेही कागद सोबत ठेवा.

मग तारखा. पहिली फिट कधी आली, बसायला कधी लागली, शब्द कधी गेले. यात आठवणीपेक्षा फोन भरवशाचा, व्हिडिओवर तारीख असते. एका व्हिडिओत मुलगी चमचा धरून खातेय आणि काही महिन्यांनंतरच्या व्हिडिओत तेच हात एकसारखे चोळतेय, हे फॉर्ममधल्या चौकोनात मावत नाही. असे तीन-चार व्हिडिओ वेगळे काढून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो एका प्रश्नाला: काय बदललं तर औषधाचा उपयोग झाला म्हणायचं? 'बरं वाटावं' हे उत्तर नव्हे. 'रात्री दोनला उठते आणि पहाटेपर्यंत जागी राहते. सलग पाच तास झोपली तरी घर चालेल' असं लिहा. रेटवरचं ट्रोफिनेटाइड हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेव्हा त्याच्या चाचणीच्या दोन मुख्य मोजमापांपैकी एक होती पालकांनी भरलेली प्रश्नावली. त्याच औषधाने बऱ्याच मुलींना जुलाबही झाले. म्हणून कोणता त्रास चालेल, कोणता नाही, पाठीच्या कण्यात सुई टोचू द्याल का, किती फेऱ्या झेपतील, हेही घरी बोलून घ्या. इतर कुटुंबांनाही विचारा, विशेषतः ज्यांची मुलं आता मोठी आहेत आणि जे बैठकीला कधीच येत नाहीत त्यांना. एक घर म्हणजे समाज नव्हे.

संमतीपत्रक आदल्या दिवशी मागवा. माहिती कुणाकडे राहणार, कंपनीला दिली जाणार का, मधेच बाहेर पडलो तर रक्ताच्या नमुन्याचं काय, निष्कर्ष आम्हाला कळणार का? 'नाव काढून टाकू' यावर फार विसंबू नका. जगात मोजक्याच मुलांत दिसणारा बदल, वय आणि गाव एकत्र आलं की नावाची गरज उरत नाही.

अभ्यासाचा आराखडा ठरलाय का, हे पहिल्याच फोनवर विचारा. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीकडे कागद गेल्यावर तुमचं मत घेणं म्हणजे वरातीमागून घोडं. प्रवासखर्च आणि मानधनाचंही तेव्हाच स्पष्ट बोलून घ्या, संकोच नको. 'हे कधी होईल?' असंही विचारा, पण मनाची तयारी ठेवून: रेटची लक्षणं उंदरांमध्ये मागे फिरू शकतात हे २००७ मध्ये दिसलं, त्या आजाराचं पहिलं मंजूर औषध यायला सोळा वर्षं गेली आणि तेही मूळ जनुक दुरुस्त करत नाही.

मुलाला सोबत नेणार असाल तर फिटवरचं तातडीचं औषध पिशवीत वरच ठेवा, आणि मूल कंटाळलं तर दोघांपैकी बाहेर कोण जाणार ते घरातूनच ठरवून निघा.