पहिल्या उडीआधी पोटात गोळा येतो तेव्हा

इंदूरहून उज्जैनच्या दताना धावपट्टीकडे टँडेम उडीसाठी, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून विमानातून पॅराशूटने मारायच्या उडीसाठी निघालात, की भीती गाडीतच सुरू होते. उपाशी मात्र जाऊ नका. रिकाम्या पोटी हात थरथरतात आणि ती थरथर भीतीचीच वाटते. दोन तास आधी वाटीभर पोहे पुरेत, कचोरी परतल्यावर.

हार्नेसचे, म्हणजे तुम्हाला प्रशिक्षकाशी बांधणाऱ्या पट्ट्यांचे, चार जोड प्रशिक्षकाकडून नीट पाहून घ्या: दोन खांद्यांपाशी, दोन कमरेपाशी. मुख्य पॅराशूटबरोबर राखीवही असतं, आणि ठरावीक उंचीखाली वेग कमी झाला नाही तर ते आपोआप उघडणारं यंत्रही. विचारायला लाजू नका.

सगळ्यात जड जातो तो विमान वर चढतानाचा वेळ. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. लांब उच्छ्वासाने नाडी मंदावते. तेवढ्यात मनात शरीराची ठेवण घोका: हनुवटी वर, कंबर पुढे, पाय मागे दुमडलेले. दाराची कड पकडायची नाही, त्याने दोघांचाही तोल जातो. माघार घ्यायची असेल तर दारापाशी सरकण्याआधीच स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा नाही.

ताशी सुमारे 200 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात श्वास अडकल्यासारखा वाटतो. जोरात ओरडा! हवा बाहेर गेली की पुढचा श्वास आपसूक येतो. साधारण 5,000 फुटांवर पॅराशूट उघडताना हिसका बसतो, तो अपेक्षितच आहे. उतरताना गुडघे छातीकडे ओढून धरा. पाय आधी टेकले तर घोटा मुरगळतो.