सेकंड हँड पोर्शे वॉरंटीसकट कशी घ्यावी

दहा वर्षांची पोर्शे ९११ नव्या गाडीच्या निम्म्या किमतीत मिळू शकते, पण तिचे सुटे भाग निम्म्या किमतीत मिळत नाहीत. दुरुस्तीचे बिल नव्या गाडीच्या भावानेच येते. म्हणून आधी वॉरंटीचा कागद तपासायचा, मग गाडी. बहुतेक जण नेमके उलटे करतात: गाडी मनात भरते, टोकन दिले जाते आणि नंतर कळते की वॉरंटी केव्हाच मोडली आहे.

१. ‘वॉरंटी आहे’ म्हणजे नेमकी कोणाची, ते विचारा

या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. नव्या गाडीची उरलेली कंपनी वॉरंटी. कंपनीच्या अधिकृत सेकंड हँड योजनेतली वॉरंटी. पोर्शेची ‘पोर्शे अप्रूव्ह्ड’ ही योजना १११ मुद्द्यांच्या तपासणीनंतर मिळते. तिसरी, बाहेरच्या वॉरंटी कंपनीची. चौथी म्हणजे डीलरने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेली ‘इंजिन-गिअरबॉक्स सहा महिने’ ही ओळ. या चौथीला डीलरच्या शब्दाएवढीच किंमत. ती किमतीत धरू नका.

बाहेरच्या कंपनीच्या वॉरंटीत तीन आकडे शोधा: एका दाव्याची कमाल रक्कम, वर्षभराची एकूण मर्यादा आणि पहिल्या किती दिवसांत दावा चालत नाही. कमाल रक्कम ३ लाख असेल तर पीडीके, म्हणजे पोर्शेच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ती पुरत नाही. या गिअरबॉक्समध्ये आतला एखादा सेन्सर गेला तरी पूर्वी अख्खे युनिट बदलायला सांगत. भागांवर घसारा कापणार का आणि दोष शोधण्याची मजुरी कोण देणार, हेही लेखी घ्या.

भारतात अधिकृतपणे न आलेली, कोणीतरी परस्पर आयात केलेली गाडी असेल, तर इथली वॉरंटी तिला लागू आहे असे गृहीत धरू नका.

२. व्हीआयएन घेऊन पोर्शे सेंटरला विचारा

१७ अंकी-अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, डाव्या बाजूला पुढच्या काचेखाली दिसतो. तो आरसीवरच्या चॅसी नंबरशी जुळवा. मग मालकाच्या संमतीने पोर्शे सेंटरमधून सर्व्हिसचा इतिहास, वॉरंटीची स्थिती आणि राहिलेले रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावल्याच्या नोंदी) काढा.

इथे सगळ्यात जास्त गाड्या अडकतात, आणि त्या कमी चाललेल्या गाड्या असतात. सहा वर्षांत ८ हजार किलोमीटर ऐकायला छान वाटते. पण सर्व्हिस किलोमीटर किंवा मुदत, जे आधी येईल त्यावर ठरते. ‘चाललीच नाही, मग ऑइल कशाला बदलायचे’ म्हणून मालकाने दोन वर्षे सर्व्हिस टाळलेली असते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे लागते, कारण ते हवेतली ओल शोषते. मुंबई-कोकणच्या हवेत याची आठवण करून द्यायला नको. सर्व्हिसमध्ये खंड दिसला की दावा नाकारायला कंपनीला आयते निमित्त मिळते. दरवर्षी सर्व्हिस झालेली ३५ हजार किलोमीटरची गाडी या ८ हजारवालीपेक्षा बेधडक घ्यावी.

१९९८ ते २००८ च्या दरम्यानची ९११ स्वस्तात दिसली तर आयएमएस बेअरिंगचे (इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचे) काय केले ते विचारा. साध्या मॉडेलांच्या इंजिनात हे बेअरिंग फुटले की इंजिनच जाते. २००९ च्या मॉडेलपासून नव्या इंजिनातून ते काढून टाकले.

३. तपासणी स्वतःच्या खर्चाने, लिफ्टवर करा

विक्रेत्याने दाखवलेला तपासणी अहवाल विचारात घ्या, पण स्वतःचा वेगळा करून घ्या. तिथे या गोष्टी सांगून करून घ्या:

- ओव्हर-रेव्ह अहवाल. अलीकडच्या मॉडेलांत इंजिन कॉम्प्युटरमध्ये मर्यादेपलीकडच्या फेऱ्यांची नोंद सहा टप्प्यांत असते. पहिल्या दोन टप्प्यांतल्या नोंदी जोरात चालवलेल्या कोणत्याही गाडीत दिसतात. चौथ्यापासून पुढे नोंद म्हणजे मॅन्युअल गाडीत चुकीचा खालचा गिअर पडलेला आहे. ती किती इंजिन-तासांपूर्वीची, ते विचारा. अलीकडची असेल तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. पीडीके असा गिअर पडूच देत नाही.
- रंगाची जाडी. लोहचुंबक लावून पुट्टी शोधायची युक्ती इथे फसते. २०१२ पासूनच्या ९११ चे दरवाजे, छत आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत, त्यामुळे ॲल्युमिनियमवर चालणारा मीटरच हवा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. मात्र गाडीवर पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म) असेल तर मीटरवरचा आकडा आणखी १५०-२०० मायक्रॉनने वाढतो. ३२० आकडा पाहून ‘ठोकलेली गाडी’ म्हणण्याआधी पॅनेलच्या कडेला नखाने फिल्मची धार लागते का पाहा.
- खालचा भाग. या गाड्यांचे नाक खाली असते. पुढच्या ओठावरचे ओरखडे चालतात, पण खालचे प्लॅस्टिक आच्छादन फाटले किंवा क्लिपा बदलल्या असतील तर आत पाहा.
- पाणी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, खालच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का पाहा. सीटच्या रुळाचे बोल्ट आणि गालिच्याखालची वायरिंग बघा. पाणी शिरलेल्या गाडीवर कोणतीही वॉरंटी कंपनी हात ठेवत नाही.
- टायर. बाजूवर शेवटचे चार आकडे बघा: ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. पोर्शेने मंजूर केलेल्या टायरवर ‘एन’ने सुरू होणारी खूण असते. ती नसेल तर अप्रूव्ह्ड तपासणीत टायर बदलायला सांगू शकतात. चारही टायरांचा खर्च भावातून कापा.
- ब्रेक. पिवळे कॅलिपर दिसले तर डिस्क बहुधा सिरॅमिक असते. कडा चिरली आहे का ते टॉर्चने बघा. ही डिस्क झिजली तर वॉरंटी नाही, आणि ती भयंकर महाग असते.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. तुम्ही पोहोचण्याआधी विक्रेत्याने गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. आडव्या सिलिंडरांमुळे बरेच दिवस उभी असलेली ९११ सुरू होताना क्षणभर धूर सोडते. तो लगेच विरला तर ठीक. धूर येतच राहिला तर परत फिरा.

४. बदल उतरवून घ्या, किंवा गाडी सोडा

कानठळ्या बसवणारा सायलेन्सर, इंजिन कॉम्प्युटरचे ट्यूनिंग, खाली केलेले सस्पेन्शन यांमुळे वॉरंटी जाऊ शकते. ट्यूनिंग परत मूळ जागी आणले तरी त्याचा माग राहू शकतो. मूळ भाग गाडीसोबत मिळणार का, ते आधी ठरवा. ट्रॅकवर चालवताना झालेले नुकसानही वॉरंटीत बसत नाही.

५. कागद आणि पैसे

टोकनच्या पावतीवर लिहून घ्या: ‘अप्रूव्ह्ड तपासणीत गाडी नापास झाली किंवा वॉरंटी माझ्या नावावर झाली नाही तर टोकन पूर्ण परत.’ ही ओळ लिहायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून गाडी घेऊ नका.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. बऱ्याच स्पोर्ट्स कार कंपनीच्या नावावर असतात. तेव्हा संचालकांचा ठराव आणि विक्रीचे रीतसर बिल मागा. परराज्यातल्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते ती कराच्या फरकामुळे. महाराष्ट्रात आणली की फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला रस्ते कर आलाच. तो आरटीओत आधी विचारून किमतीत मिळवा.

विक्रेत्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो त्याच्याकडे राहतो. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या.

उरलेली रक्कम वॉरंटी प्रमाणपत्र हातात आल्यावरच द्या. त्यावरचे नाव, व्हीआयएन, किलोमीटर आणि सुरू होण्याची तारीख आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा.

गाडी ताब्यात घेताना दोन्ही चाव्या मागा. पुढची डिकी उघडून चाकाच्या लॉक-बोल्टचा (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या बोल्टचा) खास सॉकेट आहे का तेही पाहा. तो हरवला असेल तर पंक्चर झालेले चाक घाटात निघणार नाही.