‘व्हेअर द वॉटर टेस्ट्स लाइक वाइन’ खेळताना या चुका टाळा

हा व्हिडिओ गेम अर्ध्यावर सोडणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते: नुसतं चालायचं, नुसतं वाचायचं, पुढे काही घडतच नाही. चाल संथ आहे, हे मान्य. पण बरेच जण अडकतात ते खेळण्याच्या पद्धतीमुळे, आणि एवढ्या मनापासून केलेला गेम त्यापायी हातातून सुटावा याचं मला वाईट वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डिम बल्ब गेम्स या छोट्या स्टुडिओने २०१८ साली हा गेम आणला. पत्त्यांच्या डावात लांडग्याकडून हरलेला माणूस सांगाडा होतो आणि देणं फेडण्यासाठी महामंदीच्या काळातली अमेरिका पायी पालथी घालत लोकांच्या गोष्टी गोळा करतो. लांडग्याचा आवाज गायक स्टिंगचा आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे घाई. नकाशावर खूण दिसली की जायचं, भराभर क्लिक करून मजकूर संपवायचा, त्या गोष्टीचं कार्ड मिळालं की पुढची खूण. तासाभरात बरीच कार्डं जमतात आणि आपण छान खेळतोय असं वाटतं. मग रात्री शेकोटीपाशी तुमच्या गोष्टी ऐकायला बसलेली एखादी बाई म्हणते, भीतीदायक काहीतरी सांग. तुम्ही कार्डं चाळता. नावं दिसतात, पण यातली अंगावर काटा आणणारी कुठली आणि हसवणारी कुठली, हे तुमचं तुम्हालाच आठवावं लागतं. नावावरून अंदाज बांधून भुताची म्हणून जी गोष्ट पुढे करावी, ती नेमकी गमतीची निघते. बाईचा हिरमोड होतो, आणि रात्रभरात अशा संधी मोजक्याच मिळतात.

उपाय साधा आहे. शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक गोष्टीपुढे एकच शब्द लिहा: करुण, गमतीची, भीतीची, थरारक, आशेची. रस्त्यातल्या काही प्रसंगांत तुम्हाला निवड करावी लागते आणि त्या निवडीने गोष्टीचा सूर बदलतो. त्यामुळे दुसऱ्या कोणाची तयार यादी बघून खेळू नका, ती तुमच्या कार्डांशी जुळेलच असं नाही.

दुसरी चूक पहिलीच्या अगदी उलट. चांगली गोष्ट हाताशी आली की ती पुढे कामी येईल म्हणून राखून ठेवायची. इथे राखलेली गोष्ट वाढत नाही. ती कोणाला तरी सांगितली की तोंडातोंडी फिरते आणि पुढे कुठेतरी तिखटमीठ लावून तुमच्याच कानावर येते. रस्त्यात पाहिलेली साधी घटना तोवर दंतकथा झालेली असते. गेमचा खरा आनंद मला इथे वाटतो: लोककथा कशी घडते ते समजावून सांगण्याऐवजी तुमच्याच हातून ती घडवून घेतली जाते. खेळाच्या दृष्टीनेही फुगलेल्या गोष्टीचं वजन जास्त पडतं, आणि पुढच्या भेटींत ते लागतंच. म्हणून एखाद्या पात्रापाशी गाडी अडली तर तिथेच डोकं आपटत बसू नका. दुसऱ्या शेकोट्यांवर जा, छोट्या गोष्टी मोकळ्या हाताने वाटा, त्या वाढून परत आल्या की मग या. ऐकलेलीच गोष्ट त्याच माणसाला पुन्हा सांगण्यात अर्थ नाही.

चालून कंटाळा येत असेल तर शीळ वाजवा. स्क्रीनवर येणारे बाण नीट दाबले की पावलं भरभर पडतात. रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवून गाडीत लिफ्ट मिळते, रेल्वेही आहे. एवढं जमलं की प्रवासाचा जाच कमी होतो.

आता शेकोटीवरच्या माणसांकडे. अशी सोळा पात्रं आहेत, आणि ती वेगवेगळ्या लेखकांनी लिहिलेली असल्यामुळे प्रत्येकाची बोली निराळी आहे. मोठी चूक ही की त्यांचं बोलणं स्किप करून फक्त मागणी काय तेवढी बघायची. ही माणसं आपल्या काळाबद्दल बोलतात, पण तो काळ उलगडून सांगत बसत नाहीत. पुलमन कंपनीच्या झोपायच्या रेल्वेडब्यांत प्रवाशांची सेवा करणारा पोर्टर भेटतो. त्या काळी गोरे प्रवासी सगळ्याच कृष्णवर्णीय पोर्टरना कंपनीचा संस्थापक जॉर्ज पुलमनच्या नावावरून सर्रास ‘जॉर्ज’ म्हणत. या कामगारांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभी केली आणि १९३७ मध्ये कंपनीशी करार करून घेतला. एवढं ठाऊक असलं की त्याचं जपून, मोजून बोलणं का तसं आहे ते कळतं. नवाहो या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीच्या स्त्रीला ऐकण्याआधी १८६४ च्या ‘लाँग वॉक’बद्दल पानभर तरी वाचा. तिच्या लोकांना त्यांच्या भूमीतून हुसकावून शेकडो मैल चालवत नेलं होतं, आणि परतायला १८६८ साल उजाडलं.

एका पात्राची कहाणी एकाच भेटीत पुरी होत नाही. माणसं जागा बदलतात, तेव्हा पहिल्या भेटीनंतर त्याच ठिकाणी वाट पाहत थांबू नका. विश्वास बसत जातो तशी ती मनातलं बोलू लागतात, आणि शेवटी स्क्रीनवरचं त्यांचं चित्रच पालटतं. त्या भेटीला जाताना तुमच्या सगळ्यात वाढलेल्या गोष्टी सोबत असू द्या, आणि हेडफोन लावा.