ऑईल पाईपच्या या चुका टाळा, नाहीतर टर्बो पुन्हा बदला

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा, गेला की नव्या टर्बोची ऑर्डर आधी जाते, जुना का गेला हे नंतरही कुणी विचारत नाही. दोष बऱ्याचदा टर्बोला तेल पोचवणाऱ्या, करंगळीपेक्षा बारीक अशा फीड पाईपचा असतो.

नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेणारा एक डिझेल पिकअप होता. वर्षभरात दोन टर्बो खाऊन तो माझ्याकडे आला. मालक टर्बोच्या कंपनीला शिव्या घालत होता. मी टर्बोला हातही न लावता फीड पाईप काढून फुंकला. हवा जेमतेम जात होती. हॅकसॉने उभा चिरला, तर टर्बोकडच्या टोकाला आतून काळा, कडक कार्बन आणि मधे सुई जाईल एवढीच वाट. दोन्ही वेळा टर्बो नवा आणि पाईप जुनाच! परतीला बोरघाट चढून लोणावळ्यात चहाला थांबलं की ड्रायव्हर तापल्या गाडीची चावी फिरवून मोकळा. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. पाईपमधलं तेल जागच्या जागी उभं राहतं आणि टर्बोच्या उष्णतेने जळून भिंतीला धरतं. मिनिटाला लाखावर फेरे घेणारा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तेल कमी पडलं की बेअरिंग गेलंच. बंद करण्याआधी मिनिट-दोन मिनिटं स्लोवर ठेवायला काय जातं?

टर्बो बदलला की फीड पाईप नवाच घालायचा. तार घालून 'साफ केला' हे मी ऐकून घेत नाही, सुटलेला तुकडा सरळ नव्या बेअरिंगमध्ये जातो. बसवताना फीडच्या भोकात तेल ओततो, शाफ्ट बोटाने फिरवतो, मग इंजिन पेटू न देता तेल परत नेणाऱ्या रिटर्न पाईपमधून तेल दिसेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारतो. नवी पोरं बोल्ट आवळला की लगेच रेस देतात. असली घाई माझ्याकडे चालत नाही.

रिटर्न पाईप जाड असतो, कारण त्यात पंपाचा जोर नसतो. तेल नुसतं उतारावरून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, येतं. तो चेपला किंवा वाकडा फिरवला की तेल टर्बोत तुंबतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मग 'सील गेलं' म्हणून टर्बो उतरवतात. अरे, आत रबरी सील नसतंच, पिस्टनसारख्या रिंगा असतात. आधी रिटर्न बघा.

सांधा गळू नये म्हणून लावतात तो सिलिकॉन हा माझा दुसरा राग. चेंबरच्या कडेने बाहेर जेवढा आलेला दिसतो, तेवढा आतही आलेला असतो. त्याच्या शेवया तुटून पंपाच्या जाळीवर बसतात. पंप चांगला, तेल पुरेसं, तरी प्रेशर नाही! कागदी गॅस्केट असेल तिथे मी सिलिकॉन लावतच नाही. लावायचाच तर बारीक रेघ पुरे.

पाईप जोडणारा बँजो बोल्ट आतून पोकळ असतो, त्यातूनच तेल जातं. त्याचे तांब्याचे वायसर दरवेळी नवे. जुनेच घालून गळतं म्हणून जोरात आवळलं, तर पोकळ बोल्ट तुटतो. आट्यांवर टेफलॉन टेप नको. पाण्याचा होज ऑईलला लावू नका, तेलाने फुगतो. पाईपची क्लिप 'नंतर लावू' म्हणून राहिली की घासून भोक पडतं.

आणि चालू गाडीत ऑईलचा लाल दिवा लागला, तर 'गॅरेजपर्यंत तर जाईल' म्हणू नका. सेन्सर खोटं बोलतोय का, हे गेज लावून बघता येतं. तोवर इंजिन बंद आणि टोचन.