पदवीच्या वर्गात क्रीडापोषण कसे शिकवावे

क्रीडापोषणाचा अभ्यासक्रम बहुतेक वेळा कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे आणि पाणी या ठरलेल्या क्रमाने आखला जातो. तो क्रम पाठ्यपुस्तकाला सोयीचा असतो. खेळाडूचा प्रश्न मात्र त्या क्रमाने कधीच येत नाही. पहाटे सराव आहे आणि उठल्याबरोबर काही खाववत नाही, किंवा दुपारी एक सामना आणि संध्याकाळी दुसरा आहे, मग मधल्या वेळेत काय खावे, असे त्याचे प्रश्न असतात. म्हणून शिक्षकाने सत्राच्या पहिल्याच तासाला एका काल्पनिक खेळाडूचे आठवडाभराचे सरावाचे वेळापत्रक फळ्यावर मांडावे आणि पुढचा प्रत्येक घटक त्याच वेळापत्रकाला जोडून शिकवावा.

त्याच तासाला विद्यार्थ्यांच्या मनातील समजुती निनावी चिठ्ठ्यांवर लिहून घ्याव्यात. व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रथिने घेतली नाहीत तर मेहनत वाया जाते, कर्बोदकांनी वजन वाढते, पाणी जितके जास्त तितके चांगले, अशी विधाने हमखास मिळतात. त्यांची लगेच खिल्ली उडवू नये; चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात आणि संबंधित घटक आला की तीच विधाने वर्गापुढे तपासायला ठेवावीत.

कर्बोदकांचा भाग सर्वाधिक वेळ देण्याजोगा आहे आणि त्याची सुरुवात एका प्रयोगाने करावी. १९६६ मध्ये बर्गस्ट्रोम आणि हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकाने फक्त एका पायाने, थकेपर्यंत पेडल मारले आणि नंतर काही दिवस कर्बोदकांनी भरलेला आहार घेतला. एवढे सांगून थांबावे आणि दोन्ही पायांच्या स्नायूंतील ग्लायकोजेनचे, म्हणजे तिथे साठवलेल्या कर्बोदकांचे, काय झाले असेल, याचा आलेख विद्यार्थ्यांना वहीत काढायला लावावा. उत्तर असे, की आराम केलेल्या पायात फारसा फरक पडला नाही, तर थकलेल्या पायातील साठा साधारण दुप्पट झाला. आहार दोन्ही पायांना एकच मिळाला होता, म्हणजे फरक घडवणारी गोष्ट त्या स्नायूतच होती, हा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी स्वतः काढला की ‘व्यायाम आणि आहार एकत्रच पाहावे लागतात’ हे वाक्य शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतर आकडे द्यावेत, पण ते नेहमी शरीराच्या वजनाच्या हिशेबात आणि दिवसाच्या श्रमाशी बांधून द्यावेत. हलक्या सरावाच्या दिवशी दर किलो वजनामागे ३ ते ५ ग्रॅम, रोज एक ते तीन तासांच्या मध्यम ते तीव्र सरावाला ६ ते १० ग्रॅम कर्बोदके, ही सर्वमान्य मर्यादा आहे. ७० किलो वजनाच्या धावपटूसाठी हा फरक २१० ग्रॅमपासून ७०० ग्रॅमपर्यंत जातो. हे गणित स्वतः केल्यावर ‘खेळाडूचा आहार’ नावाचा एकच तक्ता असू शकत नाही, हे विद्यार्थ्याला उमगते. प्रथिनांसाठी मात्र एक तास पुरतो: दिवसाला दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम, आणि ती एकाच जेवणात न कोंबता दिवसभरात विभागून. अर्ध्या तासाच्या समजुतीची चिठ्ठी इथे बाहेर काढावी.

पाण्याचा घटक प्रात्यक्षिकानेच शिकवावा. विद्यार्थ्याचे वजन व्यायामापूर्वी ६२.४ किलो आणि घाम पुसल्यानंतर ६१.६ किलो भरले, मधल्या एका तासात तो अर्धा लिटर पाणी प्यायला आणि लघवीला गेला नाही, तर त्याचा घाम सुमारे १.३ लिटर झाला. तोच प्रयोग वेगळ्या हवामानात किंवा वेगळ्या तीव्रतेने केला की आकडा बदलतो आणि ‘रोज अमुक लिटर’ असा सल्ला का टिकत नाही हे दिसते. याच ठिकाणी अतिरेकाची बाजूही सांगणे आवश्यक आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम कमी आढळले होते, आणि शर्यतीत वजन वाढणे, म्हणजेच घामापेक्षा जास्त पिणे, याचा त्याच्याशी ठळक संबंध होता.

वजनकाटा वर्गात आणताना मात्र शिक्षकाने फार जपून राहावे. या विषयाकडे वळणाऱ्यांत स्वतः खेळणारे पुष्कळ असतात आणि त्यांतील काहींचे खाण्याशी असलेले नाते आधीच ताणलेले असते. त्यामुळे वजन करणे ऐच्छिक आणि खासगी ठेवावे, शरीरातील चरबीची मोजणी सर्वांसमोर करू नये आणि स्वतःच्या आहाराची नोंदवही गुणांसाठी सक्तीने लिहायला लावू नये. काल्पनिक खेळाडूची नोंदवही दिली तरी कौशल्य तेच शिकता येते. माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमात ही एक बाब सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. ऊर्जेच्या उपलब्धतेचे, म्हणजे सरावाचा खर्च वजा जाता शरीराच्या इतर कामांसाठी उरणाऱ्या ऊर्जेचे, गणितही अशाच काल्पनिक उदाहरणावर करावे. एक खेळाडू दिवसाला २००० किलोकॅलरी खाते, सरावात ६५० खर्च करते आणि तिचे चरबीविरहित वजन ४५ किलो आहे. उरलेल्या १३५० ला ४५ ने भागले की चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे ३० किलोकॅलरी येतात. दोन हजारांचा आकडा ऐकायला पुरेसा वाटतो, तरी तीसच्या आसपास दीर्घकाळ राहिल्यास पाळी अनियमित होणे आणि हाडे कमकुवत होणे हे धोके संभवतात. ही मर्यादा काटेकोर रेषा नसून व्यक्तीनुसार बदलते, हेही त्याच तासाला सांगावे.

पूरक उत्पादनांविषयी विद्यार्थ्यांना सर्वाधिक कुतूहल असते, म्हणून तो घटक मुद्दाम शेवटी ठेवावा. कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-ॲलनिन आणि सोडियम बायकार्बोनेट यांच्यामागे विशिष्ट परिस्थितीत बरा पुरावा आहे. बाजारातील बाकीच्या बहुतेक दाव्यांमागे तो नाही. एखाद्या उत्पादनाचे वेष्टन देऊन त्यावरील मात्रा आणि संशोधनातील मात्रा यांची तुलना करायला लावावी. कॅफिनची उपयुक्त मात्रा साधारण दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम असते. ६० किलोच्या व्यक्तीने ती संध्याकाळच्या सामन्याआधी घेतली तर रात्रीच्या झोपेचे काय, हा प्रश्नही उत्तराचाच भाग मानावा. उत्तेजक चाचणीत सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूवरच असते, ते भेसळीतून आलेले असले तरीही, हा नियम इथे न चुकता शिकवावा.

मूल्यमापनासाठी पाठांतराच्या प्रश्नपत्रिकेऐवजी तोंडी परीक्षा घ्यावी. विद्यार्थ्याला एका खेळाडूचे वेळापत्रक, वजन, खाण्याच्या आवडीनिवडी आणि खर्चाची मर्यादा द्यावी, दोन दिवसांची योजना मागावी आणि परीक्षेच्या वेळी त्यात एक बदल करावा, उदाहरणार्थ सामना चार तास पुढे ढकलला गेला. योजना बदलताना तो कोणते कारण देतो यावर अर्धे गुण ठेवावेत. मधुमेह किंवा खाण्याच्या विकाराची लक्षणे दिसणारा खेळाडूही एखाद्या प्रश्नात असावा, आणि तिथे आहार न सुचवता नोंदणीकृत आहारतज्ज्ञाकडे किंवा डॉक्टरकडे पाठवणाऱ्या विद्यार्थ्यालाच पूर्ण गुण मिळावेत.