बुजऱ्या हॅमस्टरला हाताची सवय कशी लावायची

पिंजरा, चाक, पाण्याची बाटली, लपायला घर, हे सगळं आणलेलं आहे असं धरून चालतो. फक्त आत कापूस अंथरू नका. आपल्या खान्देशात घरोघरी कापूस पडलेला असतो, म्हणून हमखास तोच घालतात. त्याचे तंतू पायाला गुंडाळतात, गालाच्या पिशवीत अडकतात. साधा टिश्यू पेपर फाडून घाला.

पहिले तीन-चार दिवस काहीही करू नका. दाणापाणी ठेवा आणि बाजूला व्हा.

पुढचा आठवडाभर रात्री तो उठला की पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजात बोला. काहीही बोला, मी केळीचे भाव सांगायचो. (आजी विचारायची, "उंदीर कसाले पाळी ऱ्हायना रे भाऊ?") दिवसा मात्र त्याला उठवू नका. झोपेतून उपसून काढलेला हॅमस्टर चावला, तर चूक तुमची.

आता हात. इथेच बहुतेकांचं बिनसतं, माझंही बिनसलं होतं.

हॅमस्टरची नजर अधू असते, नाक मात्र तल्लख. तुमचा हात त्याला आधी वासानेच कळतो. मी एकदा शेवभाजी खाऊन, बोटं नुसती पुसून हात आत घातला. त्याने बोट म्हणजे खाऊच समजून दात रुतवले. मी दचकून हात झटकला, तो बोटाला लटकून वर आला आणि पिंजऱ्याबाहेर खाटेच्या उंचीवरून खाली पडला. वाचला, पण पुढे दहा दिवस मी दिसलो की घरात घुसायचा. तेव्हापासून मी जमिनीवर बसूनच हे करतो. हात आधी धुवायचे, पण वासाचा साबण नको. आणि चावला तरी हात झटकायचा नाही, दात आवळून तसाच धरायचा. तोंडावर फुंकर मारा, जाड हातमोजे घाला, मानेला धरून उचला, असले सल्ले देणाऱ्यांचं ऐकू नका. फुंकरीने तो आणखी बिथरतो, आणि मोज्यांची सवय लागली तर ती मोज्यांची लागते, तुमच्या हाताची नाही.

वरून येणारं काहीही त्याच्या लेखी घारच. म्हणून हात बाजूच्या दारातून घाला, तळवा वर करून पिंजऱ्याच्या बुडाला टेकवा. मधोमध सूर्यफुलाची एकच बी ठेवा, बिनमिठाची. मग दहा मिनिटं हात हलवायचा नाही. मुंग्या आल्या तर येऊ द्या.

त्याचे मागचे पाय बघत राहा. सुरुवातीला तो मागचे पाय खालीच ठेवून अंग ताणतो, बी गालात कोंबतो आणि पळतो. हे आठ-दहा रात्री चालेल. मग एके रात्री चारही पाय तळव्यावर येतील, बारीक नखं टोचतील. आता उचलावं असं वाटेल. उचलू नका! तो बी गालात न कोंबता तिथेच बसून सोलतो का, ते पाहा. माझ्या हॅमस्टरने पहिल्यांदा टरफल माझ्या तळव्यावर टाकलं, त्यानंतरही मी तीन रात्री थांबलो.

मग हात चार बोटं वर उचला, दुसरा तळवा आडोशाला. ते जमलं की कोरड्या न्हाणीत मांडी घालून बसा, मोरीचं भोक आधी बंद करा आणि त्याला अंगावर हुंदडू द्या.

एप्रिल-मेमध्ये हे सगळं बंद ठेवा. आज पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर बहुतेक १९३० मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळ सापडलेल्या एकाच मादीच्या पिल्लांचे वंशज. त्यावरून "तिकडचा प्राणी, जळगावचं ऊन सहज सोसेल" असं एकाने मला सांगितलं होतं. अहो, तिथे तो ऐन उन्हाच्या वेळी जमिनीखाली बिळात असतो! आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा तो हातपाय पसरून निपचित पडला असेल तर तो माणसाळलेला नाही, उकाड्याने बेजार झालाय. घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा, आत मडक्याचं खापर टाका, कूलरचा झोत थेट नको.

माझ्या एका हॅमस्टरला हाताची सवय व्हायला पाच आठवडे लागले, दुसऱ्याला तीन महिने. तिसरा कधीच हातावर बसला नाही. त्याच्यासाठी स्टीलचा पेला आडवा धरायचो, तो आपणहून आत शिरायचा, मग पेल्याच्या तोंडावर हात ठेवून मी पेलाच उचलायचो.